टेपवरच्या रिकाम्या जागा

मुन्नाच्या दुकानात, संगणकाच्या पडद्यावर, रामप्रसादला आपला आवाज दिसला. खडकदेवळीच्या देवळासाठी त्याने बोललेली जुनी टेप मुन्ना नव्या यंत्रांसाठी संगणकावर उतरवत होता. हिरव्या रेघांचे उंचसखल डोंगर, कुठे दाट, कुठे विरळ, आणि दोन डोंगरांच्या मध्ये एक सरळ, सपाट रेघ. मुन्नाने माऊस ओढून त्या सपाट रेघेचा तुकडा निळा केला, मान वळवली आणि विचारलं, "सर, ही खाली जागा उडवून टाकू का?"

रामप्रसाद पडद्याकडे पाहत राहिला. आपला आवाज त्याने हजार वेळा ऐकला होता, पण तो असा दिसेल असं वाटलं नव्हतं. आणि आवाज नसलेली जागासुद्धा दिसते, तिला लांबी असते, ती बोटाने निवडता येते, हे तर त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. "किती आहे ती?" त्याने विचारलं. "अठ्ठेचाळीस सेकंद. शेवटी तर याच्यापेक्षा मोठी हाय. तीन मिनिट चाळीस! सर, तीन मिनिट चाळीस सेकंद तुमी काहीच बोलून नाही राहिले. लोकायला वाटते मशीन बिघडलं. देवळातली रुख्मिणीबाई सांगत होती, निम्मे लोक तिथूनच माघारी येऊन मशीन तिच्यापुढं आपटतात. शिवरात्रीला गर्दी झाली की कसं व्हायचं? उकंडराव म्हणले, सर हो म्हणले की काटून टाक." रामप्रसाद म्हणाला, "उद्या सांगतो." मुन्ना हसला. "घ्या. सर आता घरी जाऊन पेपर तपासल्यासारखं तपासणार. तपासा, पण उद्या नक्की."

दुकानाबाहेर दुपारचं ऊन होतं आणि थंडी अजून गेली नव्हती. भजनांच्या सीडीचे डबे दारात रचलेले होते. त्यांना वळसा घालून तो रस्त्यावर आला आणि नेहमीच्या वाटेने घराकडे चालू लागला. डावा गुडघा दुखत होता. अठ्ठेचाळीस सेकंद, तो मनात म्हणाला. सातव्या थांब्यापासून आठव्यापर्यंत. हा आकडा त्याला कुठल्याही कागदाशिवाय पाठ होता, आणि पाठ असूनही आठ वर्षांत त्याने तो एकदाही मनात म्हटला नव्हता. शाळेत तो इतिहास शिकवायचा. पोरं त्याला सनावळी सर म्हणायची. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. सनांचं त्याला काहीच अवघड नव्हतं. सन लक्षात ठेवला की त्या सनात काय झालं याचा विचार करावा लागत नाही, हे त्याला फार पूर्वी कळलं होतं.

हिंगोली जिल्हा होण्याच्या आदल्या वर्षी खडकदेवळीचे उकंडराव त्याच्याकडे आले होते. गावच्या महादेवाच्या जुन्या काळ्या दगडी देवळाच्या समितीचे ते सचिव. त्यांचा पुतण्या इंग्लंडात इंजिनिअर होता. तिकडच्या मोठ्या चर्चमध्ये, चित्रांच्या दालनांत लोक कमरेला टेप लावून, कानांवर यंत्र घालून एकेकटे फिरतात, टेपमधला माणूस सांगतो तिकडे पाहतात, तो म्हणेल तेव्हा पुढे चालतात, असं पुतण्याने पाहिलं होतं. त्याने बारा यंत्रं आणि नमुना म्हणून तिकडच्या एका चर्चची कॅसेट गावाला पाठवली होती. "आपल्या देवळाला काय कमी हाय मास्तर?" उकंडराव म्हणाले होते. "दगडं तर आपली बी बोलतेत. फक्त आवाज तुमचा पायजे." रामप्रसादचा आवाज गावोगावच्या कार्यक्रमांत गाजलेला होता. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्याने ती कॅसेट स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरवर लावली. इंग्रजी निम्मं कळत होतं. पण एक माणूस शांतपणे बोलत होता, मग गप्प होत होता, आणि त्या गप्प जागेत लांबवर कुणाची तरी पावलं दगडी फरशीवर वाजत होती. मग पुन्हा तो बोलू लागे, ऐकणारा पुढच्या खांबाशी पोचला आहे हे त्याला माहीत असल्यासारखा. रामप्रसाद चकित झाला होता. यात अवघड बोलणं नव्हतं. किती वेळ गप्प राहायचं ते अवघड होतं.

"काय म्हणून राहिला तो गोरा?" त्याच्या बायकोने, अनुसयाने, चुलीपासून विचारलं होतं. "म्हणतो, आता दरवाजाकडे चाला." अनुसया हातातलं पीठ तसंच ठेवून उठली, पदर सावरून ताठ मानेनं दरवाजापर्यंत चालत गेली आणि चौकटीला हात लावून म्हणाली, "आलं का तुमचं चर्च?" तो हसला होता. हसता हसता त्याने घड्याळ पाहिलं होतं. चार सेकंद. तिथेच त्याला ती युक्ती सुचली. आपण उंच, आपल्या ढांगा मोठ्या. आपल्या चालीनं वेळ धरला तर बायाबापड्या मागे राहतील. अनुसया चालेल आणि आपण मोजू. अनुसया म्हणजे साधारण माणूस. हे शब्द त्याने तिला तसेच सांगितले होते. ती म्हणाली होती, "साधारण तर साधारण. पण दुपारचं न्याचं न्हाई, पाय भाजतेत."

घरी आल्यावर त्याने कपाटातली जुनी फाईल काढली. मजकुराच्या हस्तलिखितामागे दोन कागद टाचणीने जोडलेले होते. टाचणीच्या जागी गंजाचा डाग पडला होता. दोन्हींवर त्याच्याच अक्षरात तारखा होत्या. तारीख न घालता त्याने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. पहिला कागद, १३ डिसेंबर १९९८. नंदीपासून सभामंडप, बारा. मंडप ते कोरीव खांब, नऊ. खांब ते गाभाऱ्याचा दरवाजा, चौदा. तिथून बाहेर पडून पायऱ्या उतरून हत्तींच्या रांगेपर्यंत, अडतीस. हत्ती ते आरसा धरलेली बाई, सोळा. तिथून काटा काढणारी बाई, अकरा. काट्यावाली ते मागची भिंत, बावीस. भिंत ते पाणी वाहून नेणारी पन्हळ, एकोणीस. महादेवाची पन्हळ ओलांडायची नसते. तिथून मागे फिरायचं आणि आल्या वाटेनं दारापर्यंत यायचं. या परतीच्या वाटेवर सांगण्यासारखं नवं काही नव्हतं, म्हणून तिथं मजकूर नव्हता. एक मिनिट पन्नास.

दुसरा कागद १४ मार्च १९९९ चा. हत्ती आणि खांबाच्या मजकुरात समितीने बदल सुचवले होते, म्हणून वेळा पुन्हा तपासून घ्याव्यात असं त्यानेच ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. तेरा, दहा, सतरा. देवळाच्या आत फार फरक नव्हता. बाहेर आल्यावर, पायऱ्या उतरताना, एकसष्ट. मग चोवीस. मग एकोणीस. मग अठ्ठेचाळीस, मग तेहेतीस. परतीची वाट, तीन मिनिटं चाळीस. प्रत्येक आकड्यापुढे कंसात लहान अक्षरात लिहिलं होतं: तीन फेऱ्यांची सरासरी.

तीन फेऱ्या. तो खुर्चीत बसला. फाईलवर हात ठेवून बसला आणि त्याला तो दिवस जसाच्या तसा आठवू लागला, पळसाला फुलं आलेली होती, देवळाच्या मागच्या बाजूला गव्हाची कापणी चालली होती आणि कापणाऱ्या बाया मान वर करून पाहत होत्या की हा सर बायकोला देवाभोवती पुन्हा पुन्हा काय फिरवतोय. पहिल्या फेरीचे आकडे पाहून तो वैतागला होता. "अशी काय चालतेस? मागच्या वेळी चाललीस तशी नीट चाल ना." "नीटच चालून राहिले की." "मग इतका वेळ?" "तुमचं घड्याळ पळत असंल," ती म्हणाली होती आणि पदराने मान पुसली होती. त्याने हे बोलणं खरं धरलं. यात विनोद असू शकतो हे त्याला सुचलं नाही. त्याने तिला दुसऱ्यांदा फिरवलं, मग तिसऱ्यांदा, कारण तीन आकड्यांशिवाय सरासरीला अर्थ नसतो. काट्यावालीपाशी ती प्रत्येक फेरीत बसली. भिंतीला कोरलेली ती बाई एक पाय उचलून, मान वाकवून तळव्यातला काटा काढते आहे; तिच्या खाली दगडाचा एक ओटा आहे. अनुसया त्या ओट्यावर बसली आणि तिने आपला पाय मांडीवर घेतला. "काय झालं?" "काटा मोडलाय पायात." दुसऱ्या फेरीतही ती तिथेच बसली. तो म्हणाला, "आता काय?" ती म्हणाली, "त्योच. निघाला न्हाई वाटतं." आणि वर त्या दगडाच्या बाईकडे पाहून म्हणाली होती, "हिला बी आठशे वर्षं झाले, निघून न्हाई राहिला." तो हसला नाही. तो सेकंद मोजत होता. त्याने तिच्या पायाकडे पाहिलं नाही. हे त्याला आता इतकं स्पष्ट दिसत होतं की तिच्या पायाचा तळवा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला तरी तो येत नव्हता. येत होती ती घड्याळाची तबकडी, तिच्यावरचा लाल सेकंदकाटा आणि काचेवरचा ओरखडा.

दुसऱ्या दिवशी तो घड्याळ घेऊन पुनमचंदच्या दुकानात गेला होता. पुनमचंदने डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत देताना म्हणाला, "सर, घड्याळ बराबर हाय. एक सेकंदाचा फरक न्हाई. तुमालाच काहून शक आला?" रामप्रसादने ते घड्याळ मनगटावर बांधलं. घड्याळ बरोबर आहे म्हणजे दुसरा कागद बरोबर, मग पहिलाच कागद चुकला असणार, पहिल्या वेळी नवखेपणामुळे आपण घाईत मोजलं, असा त्याने निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष त्याने पहिल्या कागदाच्या खाली लिहूनही ठेवला होता. आता त्याने तो वाचला. "वरील नोंद सदोष. ग्राह्य धरू नये." खाली सही होती.

नांदेडच्या स्टुडिओत तो एकटाच गेला होता. काचेपलीकडचा माणूस म्हणाला होता, "सर, एवढा गॅप?" तो म्हणाला होता, "प्रत्यक्ष मोजलेला आहे." त्याच अभिमानाने त्याने ती तीन मिनिटं चाळीस सेकंद मायक्रोफोनसमोर उभं राहून काढली होती, तिथे कोरी टेप जोडता आली असती, पण त्याला श्वासही हळू सोडत धरलेली खरीखुरी शांतता हवी होती. उद्घाटनाला पाहुण्यांनी बारा यंत्रं कानांना लावली. अनुसया देवळाच्या पायरीवर बसली होती. "तू ऐकणार का?" त्याने मागाहून विचारलं. "मला काय ऐकायचं? मला समदं ठाव हाय, कुठं थांबायचं ते," ती म्हणाली. त्याच वर्षी श्रावणात तिला रात्री आडवं झोपता येईना. नांदेडच्या डॉक्टरने छातीला नळी लावली, झडप खराब आहे म्हणाला, लहानपणीच्या तापाने होते, खूप उशीर केलात. "धाप कधीपासून लागते?" डॉक्टरने विचारलं. रामप्रसाद म्हणाला, "दोन दिवस झाले." अनुसयाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. वर्गातल्या हुशार पोराने सोपं उत्तर चुकवावं आणि आपण काही बोलू नये, तशी ती नजर होती. डॉक्टर तिच्याकडे वळला तर ती म्हणाली, "ते म्हणतेत तसंच." घरी फाईलमध्ये तेव्हा सेकंदापर्यंतचं उत्तर तारखेसकट पडून होतं. नऊ दिवसांनी ती गेली. चव्वेचाळीस वर्षांची होती.

त्यानंतर तो खडकदेवळीला गेला नाही असं नाही. शाळेच्या सहली घेऊन गेला. पोरं कानाला यंत्र लावून फिरायची आणि तो दारात गुरवाच्या रुख्मिणीबाईशेजारी खुर्ची टाकून बसायचा. यंत्रं देणं-घेणं त्यांच्याकडे होतं. त्याने स्वतः टेप लावून देवळाला वळसा कधी घातला नाही. पण पोरं किती वेळात परत येतात याकडे त्याचं लक्ष असे, आणि ती नेहमी टेपच्या आधी येत. टेप अजून गप्प असतानाच पोरं यंत्र काढून ठेवत आणि त्या यंत्राच्या आत, टेबलावर, ती शांतता चालू राही. चाकं फिरत असलेली काचेतून दिसत. तो ती पूर्ण संपेपर्यंत पाही. का पाहतो हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. आता कळत होतं की तिच्या मरणानंतर तिचा फोटो होता, लुगडी होती, पण तिचं चालणं कुठेच नव्हतं, ते फक्त त्या टेपवर होतं, तेही आजारी. टेपवर एवढी जागा फक्त तिचीच होती, आणि ती जागा तिच्याविरुद्ध नव्हे, त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती. लोक ती ऐकून यंत्र आपटत होते.

सकाळी तो मुन्नाकडे गेला. जाताना दोन्ही कागद खिशात होते. काहीच काटू नकोस असं सांगायचं, हे त्याने उठल्या उठल्या ठरवलं होतं; रस्त्यात ते बदललं. काहीच काटलं नाही तर ती त्या पायऱ्यांवर एकसष्ट सेकंद दम खातच राहणार होती, दर शिवरात्रीला, दर सहलीला. काटलं तर तीच जाणार होती. दुकानात शिरेपर्यंत त्याला तिसरी वाट सापडली आणि ती सापडल्यावर त्याला जे हलकं वाटलं, त्याची त्याला शरम वाटली. त्याने पहिला कागद मुन्नापुढे ठेवला. "काटू नकोस. कमी कर. ह्या मापाने."

"बारा, नऊ, चौदा," मुन्ना वाचू लागला. "हे बराबर हाय सर. हे तर एकदम माणसाचं चालणं हाय. आधीच काहून न्हाई दिलं?" मग खाली पाहून म्हणाला, "पण हिथं तर लिव्हलंय, ग्राह्य धरू नये."

"ते चूक आहे."

"म्हणजे चूक हाय हे चूक हाय?" मुन्ना खदखदून हसला. मग तो कामाला लागला. पडद्यावर सपाट रेघा एकामागून एक आखूड होऊ लागल्या. एकसष्टच्या अडतीस. चोवीसच्या सोळा. सातव्या ते आठव्या थांब्याच्या रेघेवर मुन्नाने माऊस नेला तेव्हा रामप्रसादने मान फिरवली आणि भिंतीवरच्या देवाच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला. "झालं. बावीस," मुन्ना म्हणाला. "आणि शेवटची, एक मिनिट पन्नास. आता बघा, कशी पळते टेप." दुसरा कागद रामप्रसादच्या खिशातच होता. घरी जाऊन त्याने तो फाडला. लहान लहान तुकडे केले. तुकड्यांवरही आकडे वाचता येत होते, म्हणून ते आणखी लहान केले. अनुसया आता नीट चालणार होती. उत्तर चुकल्याचा पुरावा उरला नव्हता. या दोन गोष्टींतली आपल्याला कोणती हवी होती, हे ठरवायचा त्याने प्रयत्न केला आणि तो सोडून दिला.

शिवरात्रीच्या चार दिवस आधी उकंडरावांचा फोन आला. नवी यंत्रं आली आहेत, पहिली फेरी सरांनीच घ्यावी. तो बसने गेला. उकंडराव परभणीला गेले होते. दारात रुख्मिणीबाई होत्या आणि नांदेडकडून आलेलं एक कुटुंब रांगेत होतं. काड्यापेटीएवढं यंत्र रुख्मिणीबाईंनी त्याच्या गळ्यात अडकवलं. "आता बटन दाबलं की झालं, सर. चाकं न्हाईत, काही न्हाई." त्याने चपला काढल्या. बटण दाबलं. कानात त्याचाच आठ वर्षांपूर्वीचा आवाज म्हणाला, "आपण आता नंदीसमोर उभे आहात." आवाज तरुण होता आणि त्याला कशाचीच शंका नव्हती.

नंदी, मंडप, खांब. तिथपर्यंत तो टेपबरोबर होता. बारा सेकंद, नऊ सेकंद. तो आपल्या पावलांकडे न पाहता कानाकडे लक्ष देत होता, शेजारी कुणी तरी डिसेंबरच्या उन्हात पटपट चालत असावं अशा बेताने. चौदा सेकंद. गाभाऱ्याच्या दारात वाकून तो बाहेर पडला आणि पायऱ्यांशी आला. पायऱ्या उंच होत्या. डावा गुडघा पहिल्याच पायरीला अडला. भिंतीला हात लावून त्याने दुसरा पाय खाली आणला, मग पुन्हा पहिला. तीन पायऱ्या उरल्या असताना आवाज म्हणाला, "आपल्यासमोर हत्तींची रांग आहे. कोणताही हत्ती दुसऱ्यासारखा नाही, याकडे लक्ष द्यावे." त्याच्यासमोर रांग नव्हती, कोपरा होता. तो घाई करू लागला. हत्तींपाशी पोचला तेव्हा आवाज आरसा धरलेल्या बाईच्या केसांची वेणी सांगत होता. तो आरशापाशी आला तेव्हा आवाज म्हणत होता, "हिच्या चेहऱ्यावर वेदना नाही, हे शिल्पकाराचं वैशिष्ट्य." ते काट्यावालीचं वर्णन होतं. त्याला आपल्याच आवाजाला थांब म्हणावंसं वाटलं. अशी काय चालतेस, असं कुणी तरी मोठ्यानं म्हणालं असं त्याला वाटलं आणि त्याने मागे पाहिलं. मागे नांदेडचं कुटुंब येत होतं, त्यांच्या कानांतही तोच आवाज होता, आणि ते त्याला ओलांडून पुढे गेले.

पहिल्या कागदावरची अनुसया त्याच्या पुढे निघून गेली होती. ती कोपऱ्यापलीकडे होती, धडधाकट, आणि तो तिला गाठू शकत नव्हता. दुसऱ्या कागदावरची अनुसया त्याच्याबरोबर चालू शकली असती. एकसष्ट सेकंद त्याला पुरले असते, अठ्ठेचाळीसही पुरले असते. आता तिचं चालणं कुठेच नव्हतं. तो काट्यावालीच्या खालच्या ओट्यावर बसला. दगड उन्हाने तापलेला होता. कानात आवाज पन्हळीपाशी पोचला, म्हणाला, "ही मर्यादा आहे. येथून मागे फिरावे," आणि गप्प झाला. एक मिनिट पन्नास. रामप्रसाद मोजत नव्हता, तरी मोजलं जात होतं. नांदेडचं कुटुंब आल्या वाटेनं परत त्याच्यापुढून गेलं. एकशे दहाव्या सेकंदाला आवाज म्हणाला, "दर्शन पूर्ण झाले. कृपया यंत्र दारावर परत करावे." तो अजून अर्ध्या वाटेवरही पोचला नव्हता.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. रुख्मिणीबाई कोपऱ्यावरून हाका मारत आल्या. "सर, आवो सर! टेप कवाच संपली. तिकडं लोकं थांबलेत मशीनसाठी." जवळ येऊन त्या थबकल्या. "काय झालं? तब्येत बराबर न्हाई का?"

"काही नाही," रामप्रसाद म्हणाला. "पायात काटा मोडलाय."

रुख्मिणीबाई लगेच खाली बसल्या. त्याला नको म्हणायला वेळ मिळायच्या आत त्यांनी त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला, पदराने तळव्याची धूळ पुसली, उन्हाकडे वळवला आणि डोळे बारीक करून अंगठ्यापासून टाचेपर्यंत बोट फिरवत पाहिलं. एकदा पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग मान वर करून त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुठं हाय, सर?" त्या म्हणाल्या. "हिथं तर काहीच न्हाई."